मुलासाठी नंबर, मुलीसाठी अंतर

बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळची गोष्ट. आमच्या कुपवाडच्या घरात सगळे जमले होते. थोरले भावजी, जाऊबाई, सासूबाई, एमआयडीसीतून नुकतेच घरी आलेले हे आणि मी. पेढे वाटून झाले आणि लेकीला कुठल्या कॉलेजात घालायचं ही चर्चा सुरू झाली.

"विश्रामबागला एस.टी.नं किती वेळ लागतो?" भावजींनी विचारलं.

"आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरी येता येईल का?" हा सासूबाईंचा प्रश्न.

चहाचे कप उचलता उचलता लेक थांबली. म्हणाली, "काका, दादाच्या वेळी तुम्ही कॉलेजांची यादी बघितली होती. मग माझ्या वेळी एस.टी.चं वेळापत्रक का?"

भावजी हसले. हेही हसले. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. दोन वर्षांपूर्वी पुतण्या बारावी झाला तेव्हा याच खोलीत, याच माणसांत बैठक बसली होती. तेव्हा देशभरातल्या कॉलेजांची क्रमवारी काढून भावजींनी एका नावावर बोट ठेवलं होतं. "नंबर वरचा आहे, पुण्याला जाऊ दे." पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं आहे हे कुणाच्या मनातही आलं नाही. कर्ज काढलं, जाऊबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या.

आणि खरं सांगायचं, तर मला झोप न येण्याचं कारण आणखी एक होतं. माझं बी.ए. झालं ते असंच. गावाजवळ जे कॉलेज होतं त्यात गेले, त्यात जे विषय होते ते घेतले. त्यापेक्षा बरं काही आहे का, हे माझ्यासाठी कुणी पाहिलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली. ठरवलं, मुलाला एक माप आणि मुलीला दुसरं असं करायचं नाही. नंबरही बघायचा, अंतरही बघायचं, पण दोन्हींचा अर्थ समजून घेऊन.

नंबर म्हणजे नेमकं काय?

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. माझ्या वर्गातल्या दोन मुलींना सारखेच ७२ टक्के पडतात. एकीला गणितात ९५ आणि मराठीत जेमतेम ५०. दुसरीचं नेमकं उलटं. टक्के सारखे, म्हणून मुली सारख्या असं मी म्हणेन का? कॉलेजच्या नंबरचंही तसंच आहे.

केंद्र सरकारची एनआयआरएफ नावाची क्रमवारी २०१६ पासून दरवर्षी जाहीर होऊ लागली. विद्यापीठांना शंभरातले गुण कसे देतात ते पाहा. शिकवणं आणि त्यासाठीच्या सोयी यांना ३०, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांचा निकाल व पुढची वाटचाल यांना २०, मुली आणि दुर्बल घटकांना किती सामावून घेतलं याला १० आणि लोकांतल्या नावलौकिकाला १०. महाविद्यालयांची यादी वेगळी असते. तिच्यात शिकवण्याला वजन जास्त आणि संशोधनाला कमी. म्हणून विद्यापीठाचा नंबर आणि कॉलेजचा नंबर एकमेकांशी ताडून पाहायचा नाही.

पुतण्या सुट्टीत आला तेव्हा त्याला मी सहज विचारलं. म्हणाला, "काकू, ज्या सरांच्या संशोधनामुळे आमचा नंबर वर आहे, ते मला एकदाच दिसले, स्वागत समारंभात. आम्हाला शिकवतात ते वेगळेच." पोराला दोष नाही, सरांनाही नाही. संशोधन मोठंच काम आहे. पण अठरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला त्यातलं किती येतं, हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता.

आणखी एक. या क्रमवारीसाठी संस्था स्वतःहून अर्ज करतात आणि माहितीही स्वतःच भरतात. अर्ज केला नाही, तर चांगलं कॉलेजही यादीत दिसत नाही. मात्र भरलेली माहिती कॉलेजला आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते, आणि ती वाचण्यासारखी असते. किती मुलं वेळेत पदवीधर झाली, किती पुढं शिकायला गेली, नोकरी लागलेल्यांचा मधला पगार किती, सगळं त्यात असतं. जाहिरातीत एका मुलाचा सर्वांत मोठा पगार छापतात. आपण मधला आकडा पाहावा, म्हणजे रांगेतल्या मधल्या मुलाला काय मिळालं ते कळतं.

पाटीवरचा 'ए प्लस'

दुसरी खूण म्हणजे नॅकची श्रेणी. नॅक ही संस्था १९९४ साली स्थापन झाली. तिची माणसं कॉलेजात येऊन पाहणी करत आणि चारापैकी गुण देत. ३.५१ च्या वर 'ए प्लस प्लस', ३.२६ पासून 'ए प्लस', ३.०१ पासून 'ए', मग 'बी'च्या पायऱ्या. ही श्रेणी साधारणपणे पाच वर्षांसाठी असते. २०२४ मध्ये श्रेण्या काढून नुसती 'मान्यता आहे' किंवा 'नाही' अशी पद्धत आणण्याचं जाहीर झालं. त्यामुळे पाटीवर जी अक्षरं दिसतात, ती कुठल्या साली मिळाली हे विचारणं आता जास्तच गरजेचं झालं आहे.

एका कॉलेजच्या कमानीवर हातभर उंचीची श्रेणी रंगवलेली होती. कचेरीत मी विचारलं, "ही कधीची?" कारकून कागद शोधू लागले. निघालं असं, की तिची मुदत कधीच संपली होती. डब्याच्या झाकणावरची तारीख न बघता आपण मसालाही घेत नाही. इथं तर मुलीची तीन-चार वर्षं आहेत!

कॉलेज कुणाचं, पदवी कुणाची?

आपल्या आजोबांच्या वेळी निवड करायला कॉलेजंच नव्हती. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं काढलेलं. ते आधी मुंबई विद्यापीठाखाली होतं. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ निघाल्यावर त्याच्याकडे गेलं आणि १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाल्यावर तिकडे आलं. कॉलेज तेच, पदवीवरचं नाव मात्र दोनदा बदललं. एवढ्यावरून ध्यानात येतं, की मुलीला रोज शिकवतं ते कॉलेज आणि पदवी देतं ते विद्यापीठ. दोन्ही वेगवेगळी तपासायची.

विद्यापीठाच्या बाबतीत आपण कुठे कमी नाही. २०२१ साली नॅकनं मुंबई विद्यापीठाला ३.६५ आणि शिवाजी विद्यापीठाला ३.५२ गुण दिले, दोघांचीही श्रेणी 'ए प्लस प्लस'. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, आपलं त्याच्याहून शंभरावर वर्षांनी धाकटं. तरी एकाच पंगतीला बसलं!

काही कॉलेजं स्वायत्त असतात. अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांची, पदवी विद्यापीठाची. १९४७ साली सुरू झालेलं सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय असं स्वायत्त आहे. अभिमत आणि खाजगी विद्यापीठं आपली पदवी आपणच देतात. हा फरक फीमध्येही दिसतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली किंवा अभिमत वा खाजगी विद्यापीठात गेलात, तर ही माफी नाही. एकच मुलगी, एकच अभ्यासक्रम, पण दार चुकलं तर लाखांचा फरक! मुलीला अभियांत्रिकी किंवा फार्मसीला घालणाऱ्या मैत्रिणींनी दाखले वेळेत काढून ठेवावेत.

शितावरून भाताची परीक्षा

कागद वाचून झाल्यावर आम्ही मायलेकी प्रत्यक्ष कॉलेजं पाहायला निघालो. लेकीला बी.एस्सी. करायचं आहे, फिजिक्स घेऊन. त्यामुळे पूर्ण कॉलेज कसं आहे यापेक्षा तो एक विभाग कसा आहे, हे आम्ही पाहिलं. वहीत प्रत्येक कॉलेजसाठी हेच प्रश्न लिहिले:

१. या विभागात कायमचे प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? तासाच्या हिशेबानं येणारे हुशार नसतात असं मुळीच नाही. मीही अर्धवेळच शिकवते. पण दोन ठिकाणी धावणाऱ्या शिक्षकाला तास संपल्यावर शंका सोडवायला वेळ कुठून मिळणार?

२. प्रयोगशाळेत एका उपकरणाभोवती किती मुलं असतात? मुलींच्या हातात उपकरण येतं का, की त्या नुसती वही लिहितात?

३. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं?

४. मागच्या तीन वर्षांत इथून बाहेर पडलेल्या मुली आज कुठे आहेत?

५. मुलींची खोली, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी. आणि छळाची तक्रार ऐकणारी समिती. २०१३ च्या कायद्यापासून ती बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली दिसतात का?

६. फी, खोली, खानावळ आणि प्रवास धरून वर्षाचा खर्च किती?

चौथ्या प्रश्नाला एके ठिकाणी विभागप्रमुख बाईंनी कपाटातून रजिस्टर काढलं आणि मुलींची नावं, त्या कुठे गेल्या, सगळं दाखवलं. दुसरीकडे उत्तर मिळालं, "चांगल्या ठिकाणी असतील की!" मला त्या दोन उत्तरांतच पुष्कळ काही कळलं.

वहीतला हिशेब

पुण्याचं एक आणि सांगली-मिरजेतली तीन कॉलेजं अशी वहीत मांडली. अंतराचा रकाना मुद्दाम सर्वांत शेवटी ठेवला. फिजिक्सपुरतं बोलायचं, तर सांगलीतलंच एक कॉलेज वर आलं. पुण्याच्या कॉलेजचा नंबर मोठा होता, पण आमच्या सहा प्रश्नांत ते दुसरं ठरलं, खर्चात तर फारच मागं पडलं. लेकीनं स्वतःच निर्णय घेतला, "पदवी इथं करते. एम.एस्सी.ला मात्र कोल्हापूरला विद्यापीठात जाणार, वसतिगृहात राहून."

ती इथंच राहणार, म्हणजे शेवटी घरच्यांच्या मनासारखंच झालं, असं कुणी म्हणेल. पण जवळचं म्हणून घेतलेलं कॉलेज आणि तपासून घेतलेलं कॉलेज यांत फरक आहे. मी माझ्या बी.ए.ला तो फरक कधी अनुभवला नाही. लेकीनं अनुभवला.

वही पाहून सासूबाईंनी चष्मा काढला आणि भावजींना विचारलं, "तुझ्या पोराला पहिल्या वर्षाला सगळे मिळून किती लागले रे?" त्यांनी आकडा सांगितला. मग त्या यांच्याकडे वळल्या. "तेवढे पैसे तू पोरीच्या नावानं बँकेत साठवायला लाग. तीन वर्षांनी ती कोल्हापूरला जाते म्हणेल, तेव्हा पैसे नाहीत म्हणून तिला कुणी अडवायचं नाही."

पुढच्याच आठवड्यात यांनी बँकेत आवर्ती ठेव उघडली. रक्कम लहान आहे, पण महिन्याच्या महिन्याला जाते.

ती वही आता माझ्याकडे नाही. जाऊबाईंची धाकटी दहावीला आहे, त्यांनी ती परवा मागून नेली.