जागा चालते की मालक? समुद्रकाठच्या बारवरून एक संशोधन-प्रश्न

पेटची तयारी चालू असो की सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, आज एक सोपा वाटणारा प्रश्न घेऊया. कलंगुटसारख्या समुद्रकाठच्या गावात बार किंवा रेस्टॉरंटसाठी गाळा भाड्याने घ्यायचा आहे. किनाऱ्याजवळचा महाग, आतल्या रस्त्यावरचा स्वस्त. मग ते जास्तीचं भाडं वसूल होतं का?

प्रश्न नुसता पुस्तकी नाही. कर्ज काढून डिपॉझिट भरणाऱ्या माणसाचं घर याच्या उत्तरावर चालतं. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी होतं, भाडं मात्र तेवढंच राहतं.

आपल्याला पहिल्यांदा सुचतो तो सर्व्हे. समजा, 60 ठिकाणी जाऊन किनाऱ्यापासूनचं अंतर आणि महिन्याचा गल्ला लिहून घेतला. आलेखात दिसलं की जवळचे जास्त कमावतात. झालं, 'जागेमुळे धंदा वाढतो' असा निष्कर्ष! इथेच थांबा. या निष्कर्षात दोन भोकं आहेत.

पहिलं भोक: मोक्याचा गाळा मुळात मिळतो कुणाला? ज्याच्याकडे भांडवल, अनुभव आणि ओळखी आहेत त्याला. तो माणूस आतल्या रस्त्यावरही कदाचित बरा चालला असता. म्हणजे आपण जागा मोजतोय असं वाटतं, पण मोजला जातोय मालक. याला कनफाउंडिंग म्हणतात.

दुसरं भोक: बंद पडलेली हॉटेलं आपल्या यादीत नाहीतच. भाड्याने कंबर मोडून जे गेले, ते फॉर्म भरायला येत नाहीत. उरलेल्यांची सरासरी मग छानच दिसणार. हा सर्व्हायव्हरशिप बायस.

आणि लक्षात घ्या, 60 ऐवजी 600 ठिकाणं घेतली तरी ही भोकं बुजत नाहीत. नमुना मोठा केला की उत्तर जास्त ठाम दिसतं, जास्त खरं होत नाही.

मग उपाय? नाणं उडवून गाळे वाटता आले असते तर मालकाची ताकद आणि जागा यांची गाठ सुटली असती. खासगी बाजारात असं कोण करू देणार! पण गोव्याच्या किनाऱ्यावर याच्या जवळ जाणारी एक गोष्ट घडते. तिथले हंगामी शॅक पावसाळ्याआधी काढावे लागतात आणि त्यांचं वाटप पर्यटन खातं सोडतीने करत आलं आहे. चिठ्ठीला अर्जदाराचं भांडवल दिसत नाही. संशोधनात याला नॅचरल एक्सपेरिमेंट म्हणतात. प्रयोग आपण केलेला नसतो, पण त्याची रचना आपल्याला वापरता येते.

तरी हुरळून जाऊ नका. चार गोष्टी तपासा.

1. सोडतीत नेमकं काय ठरलं? फक्त परवाना, की किनाऱ्यावरची जागासुद्धा? त्या वर्षीचं धोरण मुळातून वाचा.
2. अनुभवानुसार अर्जदारांचे गट असतात. तुलना एकाच गटातल्या अर्जदारांची करा.
3. शॅक दुसऱ्याला चालवायला देण्यास मनाई आहे. तरी कागदावरचं नाव आणि गल्ल्यावरचा माणूस एकच आहे ना, हे बघा.
4. यादी सोडतीच्या दिवशीची घ्या, म्हणजे मध्येच सोडून गेलेलेही तिच्यात राहतील.

आणि शेवटची मर्यादा: शॅक हंगामी असतो, गाळ्याचं भाडं बारा महिने चालू असतं. शॅकवरून आलेलं उत्तर गाळ्याला जसंच्या तसं चिकटवता येत नाही. हे प्रबंधात स्वतःहून लिहा, व्हायवात कुणी विचारायची वाट बघू नका.

तुमचा विषय खत असो, औषध असो की शिकवणी, सिनॉप्सिसमध्ये 'परिणाम' हा शब्द लिहिण्याआधी वहीत एक ओळ लिहा: 'ही गोष्ट कुणाला मिळाली आणि का मिळाली?' त्या 'का'चं उत्तर देता येत नसेल, तर प्रश्नावली छापायची घाई करू नका.