फायबरचे बॉनेट आणि आरसीवरची गाडी

मोटारीचे बॉनेट, मडगार्ड, डिकीचे झाकण किंवा टप पोलादी पत्र्याऐवजी फायबरग्लासचा अथवा कार्बन फायबरचा बसवला, तर ती गाडी रस्त्यावर कायदेशीर राहते का, हे केवळ साहित्य पाहून ठरत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील बदलांविषयीच्या कलम ५२ मध्ये फायबरग्लासचा उल्लेख नाही आणि कार्बनचाही नाही. कायदा गाडी आणि तिची कागदपत्रे यांचा मेळ पाहतो. उत्पादकाने जी गाडी तपासून घेतली आणि परिवहन कार्यालयाने जिची नोंद केली, तीच गाडी रस्त्यावर धावत आहे का, एवढा त्याचा प्रश्न असतो.

उदाहरणार्थ, सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ वरील पाली हे गाव बीड शहराजवळ आहे. तिथल्या गाडीमालकाच्या बाबतीत या प्रश्नाचा निकाल बीडच्या परिवहन कार्यालयात लागतो. या कार्यालयाच्या नोंदीतील गाड्यांवर ‘एमएच २३’ असते. तांत्रिक चाचणीच्या संस्थाही फार दूर नाहीत. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, पुण्यात आहे. सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्टही पुण्यातच आहे, तर संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था व्हीआरडीई शेजारच्या अहिल्यानगरला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे नव्या मॉडेलचा नमुना अशा मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो आणि ही जबाबदारी उत्पादकाची असते. गॅरेजमध्ये एका गाडीवर बसवलेला भाग या चाळणीतून गेलेला नसतो.

साहित्याचे गुणधर्म

गॅरेजच्या भाषेत ‘फायबर’ म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट आणि पॉलिस्टर रेझिन यांचा थर. साच्यावर आधी जेलकोट लावतात, त्यावर मॅट अंथरतात आणि हार्डनर मिसळलेले रेझिन ब्रशने व रोलरने त्यात मुरवतात. काही तासांत थर कडक होतो. कार्बन फायबरमध्ये काचेच्या जागी कार्बनचे तंतू असतात आणि रेझिन बहुधा इपॉक्सी असते. चांगल्या प्रतीचा भाग निर्वात पिशवीत किंवा ऑटोक्लेव्हमध्ये दाब व उष्णता देऊन पक्का केला जातो. बाजारात ‘कार्बन’ म्हणून मिळणाऱ्या अनेक भागांवर कार्बनच्या कापडाचा एकच थर असतो आणि खाली फायबरग्लासच असते. काहींवर तर नुसता छापील कागद चिकटवलेला असतो.

या साहित्याचे मुख्य आकर्षण म्हणजे वजन. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम असते, ॲल्युमिनियमची २.७, फायबरग्लासची साधारण १.५ ते २ आणि कार्बन कॉम्पोझिटची १.५ ते १.६. कमी ताठपणा भरून काढायला फायबरग्लासचा थर जाड ठेवावा लागतो. त्यामुळे वजनातील बचत घनतेच्या प्रमाणात होत नाही, तरी ती लक्षणीय असते. दुसरा फायदा गंज न लागण्याचा. तिसरा फायदा लहान कारखानदाराला मोलाचा आहे: पत्रा दाबण्याच्या महागड्या डायऐवजी लाकडाचा किंवा फायबरचाच साचा पुरतो.

कारखान्यातून आलेले फायबर

कारखान्यातूनच फायबरच्या बॉडीत बाहेर पडलेल्या गाडीबद्दल कायद्याची तक्रार नसते. अमेरिकेत १९५३ ची शेव्हरोले कॉर्व्हेट फायबरग्लास बॉडीत विकली गेली आणि त्या पहिल्या वर्षी तिच्या ३०० गाड्या तयार झाल्या. ब्रिटनच्या लोटस कंपनीने १९५७ च्या एलिटमध्ये सांगाडाही फायबरग्लासचाच केला. शर्यतीत कार्बनचा सांगाडा मॅकलॅरेनच्या एमपी४/१ या गाडीने १९८१ मध्ये आणला. बीएमडब्ल्यूच्या २०१३ च्या आय३ या विजेरी गाडीत तर प्रवासी बसण्याचा पूर्ण कक्ष कार्बन फायबरचा होता.

भारतातही हा प्रयोग झाला. बेंगळुरूच्या सिपानी कंपनीची १९८० च्या दशकातील डॉल्फिन ही ब्रिटिश रिलायंट किटनवर आधारलेली, फायबरग्लास बॉडीची छोटी गाडी होती. बेंगळुरूच्याच रेवा या विजेरी गाडीला २००१ पासून एबीएस प्लास्टिकचे बाह्य भाग होते. मुंबईचे डिझाइनर दिलीप छाब्रिया यांच्या कंपनीने २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये कॉम्पोझिट बॉडीची ‘अवंती’ ही स्पोर्ट्स कार मांडली. अशी गाडी विकताना मंजुरी त्याच बॉडीसह घ्यावी लागते, म्हणून आरसीवरील, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरील, तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांत पहिल्या दिवसापासून तफावत नसते. अशा गाडीचा फायबरचा भाग फुटला आणि उत्पादकाचा तसाच भाग बसवला, तर ती दुरुस्ती ठरते.

कलम ५२ काय सांगते

कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील, असा बदल मालकाने गाडीत करायचा नसतो. कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे मूलभूत वैशिष्ट्य पालटणारा रचनेतील फरक, असे म्हटले आहे. नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय बदल झाला असेल, तर मालकाने १४ दिवसांत तो कळवावा आणि प्रमाणपत्र नोंदीसाठी सादर करावे, अशी तरतूदही आहे. हायर-पर्चेस करारावर घेतलेल्या गाडीत नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदल करता येत नाही.

म्हणून आरसीवर काय लिहिलेले असते, हे कळीचे ठरते. त्यात इंजिन व चासी क्रमांक, इंधन आणि आसनसंख्येबरोबरच बॉडीचा प्रकार, रंग आणि रिकाम्या गाडीचे वजन यांची नोंद असते. फायबरच्या भागांचा संबंध नेमका या शेवटच्या तीन बाबींशी येतो. निळ्या गाडीवर रंग न दिलेले काळे कार्बनचे बॉनेट बसवले की रंगाचा प्रश्न निघतो. ‘सॉफ्ट टॉप’ नोंद असलेल्या जीपवर फायबरचा पक्का टप बसवला की बॉडीचा प्रकार बदलतो. एका बॉनेटने काही किलो वजन कमी होते, पण दरवाजे, टप आणि मडगार्ड सगळेच बदलले तर आरसीवरचे वजन खरे राहत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील के. जयचंद्र यांच्या प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. न्या. अरुण मिश्रा व न्या. विनीत सरन यांच्या पीठाने केरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा निकाल रद्द केला. राज्याचा नियम कलम ५२ च्या वर जाऊ शकत नाही आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलाला मंजुरी देता येत नाही, असे त्यांनी ठरवले.

त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने कलम १८२अ नव्या रूपात आले. परवानगी नसलेल्या पद्धतीने सुटे भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. उत्पादक, आयातदार किंवा विक्रेत्याने नियमबाह्य बदल केला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गाडी नियमांत बसत नसेल किंवा लोकांना धोकादायक असेल, तर कलम ५३ खाली तिची नोंदणी निलंबितही करता येते.

बदलाची कायदेशीर वाट कशी असते, हे सीएनजी किटवरून कळते. किटचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून मंजूर असतो, ते अधिकृत केंद्रात बसवले जाते आणि आरसीवर इंधनाची नवी नोंद होते. सुट्या फायबर बॉनेटसाठी अशी रुळलेली वाट नाही.

कोणता भाग, किती जोखीम

बॉडीचे सगळे भाग एकाच तोलाचे नसतात. बॉनेट, पुढची मडगार्ड, बंपर आणि डिकीचे झाकण बोल्टवर बसतात. मूळ मापाचे, मूळ रंगाचे आणि मूळ बिजागऱ्या व कडीवर बसणारे फायबरचे मडगार्ड लावले, तर गाडीचे मूलभूत वैशिष्ट्य बदलत नाही, असा युक्तिवाद करता येतो. मागची मडगार्ड, टप आणि खांब मात्र वेल्डिंगने सांगाड्याला जोडलेले असतात. ते कापून फायबर चिकटवणे म्हणजे सरळ रचनेलाच हात घालणे होय. दरवाजांच्या आत बाजूच्या धडकेपासून वाचवणारी पोलादी पट्टी असते, म्हणून पोकळ फायबरचा दरवाजा वापरला तर ते संरक्षण जाते. चाकांवर बाहेर पसरलेली रुंद कड काढणारी ‘वाइड बॉडी’ किट गाडीची रुंदी वाढवतात, तर बॉनेटवरचा उंच स्कूप चालकाची नजर अडवतो.

समोरून धडक बसल्यावर प्रवाशांचे रक्षण होते का, हे एआयएस ०९८ मानकाप्रमाणे तपासतात आणि बाजूच्या धडकेसाठी एआयएस ०९९ आहे. १ ऑक्टोबर २०१७ पासून ही मानके नव्या मॉडेलांना लागू झाली. पादचाऱ्यांच्या संरक्षणासाठी एआयएस १०० आहे. या चाचण्या मूळ भागांसह झालेल्या असतात. पोलादी बॉनेट धडकेत ठरलेल्या रेषेवर मुडपते आणि काचेकडे सरकत नाही. हाताने घडवलेल्या फायबर बॉनेटमध्ये तशी घडी नसते. ते फुटते, कडीभोवतीचा भाग चिरतो आणि वेगात असताना उघडून काचेवर आदळू शकते. कार्बनच्या तुकड्यांना धारदार कडा येतात. पुढच्या लोखंडी बुलगार्डविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाईस सांगितले, तेही पादचारी आणि प्रवासी यांच्या सुरक्षिततेच्या कारणाने.

मराठवाड्याच्या उन्हाचाही विचार करावा लागतो. साध्या पॉलिस्टर रेझिनचा ताठपणा साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात घटू लागतो. मे महिन्यात काळ्या बॉनेटचा पृष्ठभाग उन्हाने आणि खालून इंजिनाच्या उष्णतेने या पट्ट्यात सहज पोहोचतो. मग बॉनेट किंचित वाकते आणि कडांच्या फटी उघडतात. पॉलिस्टर पेटतेही, म्हणून इंजिनाच्या बाजूला आग रोखणारे रेझिन आणि उष्णतारोधक थर लागतो. कार्बन वीजवाहक असल्यामुळे ॲल्युमिनियमच्या रिव्हेटला टेकला की त्या धातूला लवकर गंज चढतो, तर फायबरग्लास वीज वाहत नाही, त्यामुळे बॉडीतून अर्थिंग घेणाऱ्या दिव्यांना वेगळी तार ओढावी लागते.

विमा, पासिंग आणि जुन्या गाड्या

इंडियन मोटर टॅरिफच्या घसारा-तक्त्यात फायबरग्लासच्या भागांना ३० टक्के आणि रबर, नायलॉन व प्लास्टिकच्या भागांना ५० टक्के घसारा धरलेला आहे. अपघातानंतर फायबरच्या भागाची पूर्ण किंमत हाती येत नाही, ती यामुळे. शिवाय बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा वादात सापडतो.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि नूतनीकरणाच्या वेळी गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. भाड्याने चालणाऱ्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यामुळे प्रवासी जीपचा फायबर टप लवकर नजरेत भरतो, घरच्या मोटारीचे बॉनेट मात्र अनेक वर्षे निसटून जाते.

जुनी जीप सजवणाऱ्यांना आणखी एक बाब महत्त्वाची आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. सडलेला पत्रा काढून फायबरची पूर्ण बॉडी चढवलेली जीप या सवलतीबाहेर जाते.

इतर देशांतील पद्धत

जर्मनीत सुट्या भागासोबत चाचणीचा दाखला असावा लागतो किंवा टीयूव्हीसारख्या संस्थेकडून गाडी तपासून बदलाची नोंद करावी लागते. जपानमध्ये लहान मोटारीचे वजन नोंदीपेक्षा ५० किलोपर्यंत वरखाली झाले तरी फेरनोंद लागत नाही, त्यामुळे एक हलके बॉनेट सहज खपते. अमेरिकेत उत्पादक स्वतःच सुरक्षा मानकांची हमी देतो, मात्र ती मानके निकामी होतील असा बदल करून देण्यास गॅरेजला मनाई आहे. भारतीय कायद्याने २०१९ च्या दुरुस्तीत केंद्राला बदलांसाठी तपशील व अटी ठरवण्याचा अधिकार दिला आहे. फायबरच्या सुट्या भागांसाठी प्रमाणित मार्ग काढायचा झाला, तर तो याच अधिकाराखाली निघू शकतो.

तोवर पाली असो वा पुणे, नियम एकच लागतो. मूळ फायबरच्या जागी तसेच फायबर ही दुरुस्ती आहे. बोल्टवरचा, मूळ मापाचा व रंगाचा भाग बदलण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याचे लेखी मत आणि विमा कंपनीला सूचना आवश्यक आहे. टप, खांब, दरवाजे किंवा गाडीची रुंदी यांना हात लागत असेल, तर तो बदल कलम ५२ च्या मनाईत येतो.