खर्च बेताचा, तळ भक्कम

हावडा म्हटले की मराठी प्रवाशाच्या डोळ्यांसमोर प्रथम येते ते मुंबईहून निघालेल्या मेलचे अखेरचे स्थानक आणि त्यापाठोपाठ हुगळीवर १९४३ साली वाहतुकीस खुला झालेला पोलादी पूल. या दोहोंच्या गजबजाटात एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही, ती म्हणजे हावडा हा नौका बांधणाऱ्यांचाही जिल्हा आहे. शिबपूरचे विख्यात वनस्पती उद्यान १७८७ साली कर्नल रॉबर्ट किड यांच्या पुढाकाराने स्थापन झाले, तेव्हा जहाजांसाठी सागवान पिकविणे हाही त्यामागील एक हेतू होता. बंगालच्या गाळाच्या भूमीत सागवान अपेक्षेप्रमाणे वाढले नाही, हा भाग वेगळा.

याच जिल्ह्यातील श्यामपूर भागात, रूपनारायण नदीच्या काठी, २०२२ साली पंचानन मंडल या ज्येष्ठ कारागिरांनी आपल्या मुलांच्या साहाय्याने ‘छोट’ जातीची एक नौका पुन्हा बांधली. ही जात वापरातून जवळजवळ नाहीशी झाली होती. म्हणूनच एक्झेटर विद्यापीठाचे संशोधक आणि भारतीय अभ्यासक यांनी ब्रिटिश म्युझियमच्या अर्थसाह्याने या बांधणीची नोंद करून ठेवली. बंगालच्या बहुतेक नौकांचा तळ गोलसर वा सपाट असतो; ओहोटीच्या वेळी चिखलावर अलगद बसण्यास तो सोयीचा. ‘छोट’चा तळ मात्र इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा निमुळता. असा तळ लाट कापतो आणि आडव्या वाऱ्यात नौकेला बाजूला घसरू देत नाही. सागराच्या तोंडाशी जाणाऱ्या नौकेला हाच गुण हवा असतो.

मग सामान्य माणसाला परवडेल आणि समुद्रातही टिकेल अशी शिडाची नौका बांधता येईल काय? या प्रश्नाचे पहिले उत्तर गणितात आहे. नौकेची लांबी दुप्पट केली आणि रुंदी व खोली त्याच प्रमाणात वाढविली, तर तिचे आकारमान आठपट होते. वजन, साहित्य आणि मजुरीही जवळपास त्याच चालीने वाढतात. शिवाय नुसता सांगाडा म्हणजे संपूर्ण नौका नव्हे. डोलकाठी, शिडे, दोर, नांगर, पंप यांचा खर्च पुढेच उभा असतो. अनेकांची हौस अर्धवट सांगाड्यापाशीच थांबते ती यामुळे. तेव्हा काटकसर करावयाची ती लांबीत आणि सजावटीत. फळीच्या जाडीत आणि सांध्यांत नव्हे.

याचा उत्तम दाखला आपल्या मुंबईचा आहे. व्यापारी जहाजावरील तरुण अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी सहकाऱ्यांच्या साथीने १९६३-६४ मध्ये येथे ‘सुहैली’ बांधून घेतली. नव्या आराखड्यासाठी वेगळा खर्च न करता त्यांनी टपालाने एक तयार आराखडा मागविला. विल्यम अ‍ॅटकिन यांचा हा जुना आराखडा नॉर्वेतील बचाव-नौकांच्या घडणीवर बेतलेला होता. लांबी अवघी ३२ फूट, लाकूड भारतीय सागवान आणि कारागीर वाकस व कमानीचा सामता चालविणारे इथलेच सुतार. मुंबईहून ‘सुहैली’ इंग्लंडला पोहोचली, पण वाटेत पैसे संपले म्हणून दक्षिण आफ्रिकेत थांबून काम करावे लागले.

१४ जून १९६८ रोजी ती पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. काही आठवड्यांतच तळाच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी स्वतः पाण्यात उतरून त्या सांध्यांत कापूस ठासला आणि वर कॅनव्हास व तांब्याचा पत्रा ठोकला. समुद्रात मालकाच्या हाताने दुरुस्त होऊ शकते, हादेखील नौकेच्या स्वस्तपणाचाच एक भाग नव्हे काय? २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ती परतली. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. पूर्ण केली ती एकट्या ‘सुहैली’ने. एकट्याने, कोठेही न थांबता केलेली जगातील ती पहिली प्रदक्षिणा होय. योगायोग असा, की त्याच काळात, १९६९ च्या प्रारंभी, कोलकात्याहून पिनाकी चॅटर्जी आणि जॉर्ज ड्यूक हे दोघे वल्हवीत अंदमानला निघाले होते. ३३ दिवसांत तो पल्ला गाठणाऱ्या त्यांच्या होडीचे नाव होते ‘कान्होजी आंग्रे’!

चार दशकांनंतर गोव्याने हाच धडा नव्या साहित्याने गिरविला. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलासाठी ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. आराखडा हॉलंडमधील व्हॅन डे स्टाट यांचा, तोही तयार विकत घेतलेला. लाकडी पट्ट्यांवर काचतंतू आणि इपॉक्सी राळेचे आवरण. दांडेकरांनी तोवर अशी महासागरी शिडाची नौका बांधलेली नव्हती. २००९ साली नौदलात आलेल्या या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार ठिकाणी थांबत एकट्याने प्रदक्षिणा केली; असे करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच प्रदक्षिणा न थांबता पुरी केली. तिची भगिनी ‘तारिणी’ हिने २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना जगभर नेऊन परत आणले.

या तीनही बांधण्यांत एक सूत्र समान आहे. आराखडा कोठूनही येऊ शकतो, किंबहुना रूपनारायणच्या काठी तो कागदावर नसून कारागिराच्या नजरेत असतो. पण खरी बचत होते ती जवळच्या लाकडातून आणि जवळच्या हातांतून. हे हात मात्र संग्रहालयातील चित्रफितीवर जगत नाहीत. त्यांना काम हवे असते. ‘सुहैली’च्या वेळी मुंबईत असे सुतार सहज मिळाले, कारण गोदीला त्यांची रोजची गरज होती. श्यामपूरच्या घाटावर पुढील ‘छोट’ केव्हा आकार घेईल, हे लाकडाच्या भावावर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक ती कोणी मागणार आहे की नाही यावर अवलंबून आहे.