घराजवळचे गांधीलमाशीचे पोळे : टेंभा पेटवण्याआधी
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गळीत हंगाम तोंडावर आला, की आम्ही शेतकी खात्याची माणसे उसाचा ब्रिक्स बघायला वस्त्यावस्त्यांवर हिंडत असतो. उसाचे बोलणे संपले, चहा झाला, की निम्म्या घरांत एक प्रश्न हटकून येतो. "साहेब, वळचणीला गांधीलमाशीनं पोळं केलंय, काय मारू?" घरातल्या बायकांचा प्रश्न जास्त काकुळतीचा असतो, कारण पोळे असते न्हाणीच्या दाराशी नाहीतर गोठ्याच्या मेढीला, आणि तिथली जा-ये त्यांचीच. पावसाळाभर वाढलेले पोळे याच दिवसांत भरात येते, म्हणून प्रश्नही याच दिवसांत निघतो.

त्यावरचा गावठी इलाज ठरलेला आहे. बांबूच्या टोकाला चिंध्या गुंडाळायच्या, रॉकेल ओतायचे, टेंभा पेटवून पोळ्याला लावायचा. रॉकेल आता पूर्वीसारखे मिळत नाही, तर काहीजण पेट्रोल घेतात. हे आम्हाला माशीपेक्षा भयंकर वाटते. वर पाचटाचे छप्पर, बाजूला कडब्याची गंजी, दावणीला बांधलेली जनावरे, आणि वस्तीला खेटून उभा ऊस. पेटलेले पोळे तुटून खाली पडते ते नेमके कुठे, हे पेटवणाऱ्याच्या हातात नसते. जळीत उसाचे काय हाल होतात ते सभासदांना आम्ही सांगायला नको. शिवाय टेंभ्याच्या उजेडाकडे माश्या झेपावतात, आणि त्या उजेडाखाली उभे असतो आपणच.

तेव्हा आधी पोळे कुणाचे ते ओळखा. निम्मे काम तिथेच होते.

मातीचे लहान लहान बुधले भिंतीला चिकटवते ती कुंभारमाशी. ही एकटी राहते, बुधल्यात अळ्या किंवा कोळी भरून ठेवते, आणि पकडल्याशिवाय सहसा चावत नाही. तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही. बुधला नको असेल तर सुरीने खरवडून टाका.

उलट्या छत्रीसारखे, एका देठाला लोंबणारे, खालून घरे उघडी दिसणारे करड्या रंगाचे पोळे म्हणजे आपली नेहमीची सडपातळ कमरेची गांधीलमाशी. पोळे असते कागदाचे. लाकडाचा भुसा चावून, लाळेत मळून ती हा कागद करते. पोळ्यावर माश्या चार-दोनपासून काही डझनांपर्यंत असतात. धक्का लागला नाही तर बहुधा अंगावर येत नाहीत.

तिसरी ती मोठी गांधील. एक काळी, पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली, दुसरी तांबूस अंगाची. ही झाडाच्या ढोलीत, जुन्या भिंतीत, कधी बांधाच्या बिळात राहते. बाहेरून दिसते ते फक्त एक भोक आणि माश्यांची ये-जा, आत किती आहेत याचा अंदाज येत नाही. गुऱ्हाळावर काकवीभोवती घोंगावते ती बहुधा यांतलीच. हिच्या वाटेला जाऊ नये.

आणि उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला किंवा पुलाखाली हातभर रुंदीचे एकच उघडे पोळे लोंबत असेल, वर माश्यांचा थर काळा चकाकत असेल, तर ते आग्या मोहोळ. ही गांधील नव्हेच, ही मधमाशी. सगळ्यांत जास्त धोका हिच्यापासून, कारण चिडली की शेकड्यांनी येते आणि लांबवर पाठलाग करते. चांदण्या रात्रीही ती उडते, म्हणून "रात्री काही होत नाही" हा भरवसा इथे चालत नाही. आग्या मोहोळ ऋतुमानाप्रमाणे जागा बदलते. शक्य असेल तर थोडा दम धरावा, आपोआप उठून जाते. काढणे भागच पडले तर मध काढण्यातल्या जाणत्या माणसाकडूनच काढावे. खादी ग्रामोद्योग आयोगाची मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यात आहे. अशा ठिकाणी शिकलेली माणसे मध काढतात आणि मोहोळही जाळत नाहीत.

आता थोडे गांधीलमाशीच्या बाजूने. ती आपल्या पिलांना अळ्या चावून भरवते. पानावरची उघडी अळी दिसली की उचलते. खोडकिडा तिच्यामुळे आटोक्यात येतो असे आम्ही म्हणणार नाही, कारण एकदा खोडात शिरलेली अळी तिला सापडत नाही. त्यासाठी ट्रायकोकार्डच लावावे लागते. पण त्या कार्डातून निघणारा, डोळ्याला जेमतेम दिसणारा ट्रायकोग्रामासुद्धा गांधीलमाशीचाच लांबचा भाऊबंद आहे बरं का! २००२ साली लोकरी मावा आला, तेव्हा त्याला आवर घालणाऱ्या मित्रकीटकांत एन्कार्शिया होता, तोही याच गणगोतातला. मोठी गांधील मात्र मधमाश्याही मारते आणि लहान गांधिलीची पोळीही लुटते, म्हणजे सगळीच मंडळी धुतल्या तांदळासारखी नाहीत.

म्हणून आमचे म्हणणे असे. पोळे बांधावर, उंच झाडावर, माणसाच्या वाटेपासून दूर असेल तर राहू द्यावे. दाराशी, संडासाशी, मुलांच्या खेळण्याच्या जागी असेल तर काढावे.

स्टार्टरची पेटी

एका जागेबद्दल आम्हाला जास्त लिहायचे आहे, कारण तिकडे कुणाचे लक्ष नसते. ती जागा म्हणजे विहिरीवरची स्टार्टरची पेटी. कोरडी, अंधारी, वारा न लागणारी, वर वायरीचे उघडे भोक. गांधिलीला याहून चांगले घर कोणते? मोटार चार-आठ दिवस बंद राहिली तरी आत पोळे धरते. मग वीज येते रात्रीची. शेतकरी झोपेतून उठून जातो, पेटी उघडतो, अंधारात हात घालतो. दंश होतो बोटाला, हात झटकला जातो, आणि शेजारी उघडी वायर असते, पलीकडे विहीर असते.

पेटी उघडण्याआधी बाजूला उभे राहून कोरड्या काठीने दोन-तीनदा ठोका. थोडे थांबा. आत गुणगुण ऐकू आली तर हात घालू नका. पेटीत पाणी किंवा औषध मारायचे नाही. वायरमनला सांगून वीज वरून बंद करून घ्यावी आणि मगच कोरड्या लाकडी काठीने पोळे काढावे. नंतर वायरीचे भोक बुजवावे. ठिबकच्या फिल्टरचे शेड, पीव्हीसी पाइपांचा ढीग, बरेच दिवस उभा असलेला ट्रॅक्टर आणि घडी घालून ठेवलेली ताडपत्री, याही जागा तशाच.

काढायचेच झाले तर

हे फक्त छत्रीसारख्या उघड्या पोळ्यापुरते, तेही जमिनीवर उभे राहून पोहोचेल एवढ्या उंचीवरचे. शिडीवर चढून पोळे काढू नये. एक माशी चावली तर गाठ येते, पण दचकून शिडीवरून पडलात तर हाड मोडते.

वेळ अंधार पडल्यानंतरची. माश्या तेव्हा पोळ्यावर बसलेल्या असतात. मुले, म्हातारी माणसे, जनावरे आधी हलवावीत. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, विजार बुटात खोचलेली, हातमोजे, डोक्याला टोपी आणि तोंडावरून मच्छरदाणीचा तुकडा. बॅटरीला तांबडा कागद बांधावा आणि ती जमिनीवर बाजूला ठेवावी, हातात धरू नये. धुण्याची पावडर चांगली फेस येईपर्यंत पाण्यात कालवून पाठीवरच्या पंपातून पोळ्यावर भरपूर मारावी. साबणाच्या पाण्याने माशीचे पंख भिजतात, श्वासाची भोके बुजतात, आणि ती खाली पडते. पंप तणनाशकाचा नसावा हे सांगायला नकोच, नाहीतर परसातली वांगी-मिरची जायची. आसपास विजेची वायर असेल तर हा उपाय करू नये. रिकामे पोळे सकाळी बघून काढावे आणि मातीत पुरावे.

दुकानात मिळणारा कीटकनाशकाचा फवारा चालतो, मात्र तो पेट घेतो, चूल-दिवा विझवून मारावा. शेतातले औषध घरात मारू नये. काही माळ्यांवर अजून बीएचसी पावडरचे जुने डबे पडलेले असतात. बीएचसीवर १९९७ पासून बंदी आहे आणि एन्डोसल्फानवर २०११ पासून. जुने चांगले म्हणून ते जपून ठेवण्यात काही शहाणपण नाही.

भिंतीतल्या मोठ्या गांधिलीचे भोक सिमेंटने बुजवण्याचा मोह होतो. बुजवू नका. त्या दुसरीकडून कुरतडून घरात निघतात. हे काम जाणकाराचे.

सोपी गोष्ट ही, की पोळे नाण्याएवढे असताना त्यावर एक-दोनच माश्या असतात. पावसाळ्याच्या तोंडाला आठवड्यातून एकदा वळचण, न्हाणी, गोठा नजरेखालून घालावा आणि संध्याकाळी लांब काठीने ते पाडावे.

चावलीच तर

मधमाशीचा काटा अंगात राहतो, तो लगेच नखाने खरवडून काढावा. गांधिलीचा काटा राहत नाही, म्हणून तीच माशी पुन्हा पुन्हा चावते. जागेवर हात हलवत उभे राहू नये, माशी चिरडू नये, तोंड झाकून दूर व्हावे, बंद खोलीत शिरावे. आग्या माशी मागे लागली म्हणून विहिरीत उडी टाकू नये. माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि माणूस बुडतो. दंशाची जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी, बोटातली अंगठी सूज येण्याआधी काढावी.

पुढचे मात्र घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. दंशानंतर अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, उलटी झाली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो जिवाचा धोका आहे. एका दंशानेही असे होते. झाडपाल्यात आणि मंत्रात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. चालवत नेऊ नका. आडवे करून पाय उंच ठेवा, दम लागत असेल तर टेकून बसवा. पुष्कळ दंश झाले असतील तर माणूस बरा दिसला तरी डॉक्टरांना दाखवावे, कारण विषाचा परिणाम मूत्रपिंडावर एक-दोन दिवसांनीही होतो. लघवी काळ्या चहासारखी होणे ही त्याची खूण.

शेवटी तोडीबद्दल. उसाच्या पानाआड गांधिलीचे पोळे असते, बांधाच्या झाडावर आग्या मोहोळ असते, आणि मालकाला ते माहीत असते. कोयता घेऊन फडात शिरणाऱ्या तोडकऱ्याला माहीत नसते. त्याची बायको मोळी बांधत असते, लेकरू बांधावर झोळीत असते. आपल्या फडातले पोळे हेरून त्या सरीच्या तोंडाला तांबडी चिंधी बांधा. तोड आली की पहिल्या दिवशी मुकादमाला स्वतः सोबत नेऊन जागा दाखवा, आणि चिटबॉयच्या कानावर घाला. पोळे मोठे असेल तर तोडीच्या आधीच गट ऑफिसला कळवावे, म्हणजे फड कुठल्या बाजूने धरायचा ते टोळीशी बोलून ठरवता येते.