चांदीच्या चकतीवर कोरलेलं नाव: मानाच्या शिकारी रायफलींविषयीचे गैरसमज

जिम कॉर्बेट म्हटलं की मराठी वाचकाला वाघ आठवतो. जुन्या बंदुकांच्या जाणकारांना मात्र एक रायफल आठवते. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, .२७५ बोअरची, बोल्टची. नळी काळपट, दस्ता अक्रोडाचा, एरवी अगदी साधी. फक्त दस्त्यात चांदीची एक छोटी चकती बसवलेली आहे. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जे. पी. ह्युएट यांनी ही रायफल कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल भेट दिली, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर तिच्यावर कोरला आहे.

मानाची म्हणून दिलेली, नाव कोरलेली अशी बंदूक हाती आली की भलेभले भारावून जातात. नाव वाचलं की तपासणी संपली असं त्यांना वाटतं. खरं तर ती तिथे सुरू होते. कॉर्बेट यांच्या रायफलीच्या अस्सलपणाबद्दल वाद नाही. म्हणूनच तिच्याभोवतीचे गैरसमज तपासले, की इतर कुठल्याही कोरीव बंदुकीकडे कसं पाहावं हे उमगतं.

‘याच रायफलीने चंपावतची वाघीण मारली’

सर्वांत जास्त ऐकू येणारं आणि सर्वांत सहज खोडता येणारं विधान हेच. भेट मिळाली ती वाघीण मारल्याबद्दल, म्हणजे वाघीण आधी मेली आणि रायफल नंतर आली. कॉर्बेट यांनी ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊँ’मध्ये सगळी हकिगत सविस्तर सांगितली आहे. नेपाळात २०० आणि कुमाऊँत २३६ अशी एकूण ४३६ माणसं त्या वाघिणीच्या नावावर होती. शेवटच्या दिवशी कॉर्बेट यांच्याकडे तीनच काडतुसं होती. ती संपली तरी जखमी वाघीण समोर उभीच होती. अखेर त्यांनी धावत जाऊन सोबत आलेल्या चंपावतच्या तहसीलदारांच्या हातातली बंदूक घेतली आणि शेवटचा बार त्या उसन्या बंदुकीने काढला. तेव्हा ‘वाघीण मारणारं हत्यार’ हा मान द्यायचाच असेल, तर त्याचा निदान शेवटचा वाटा तहसीलदारांच्या बंदुकीचा.

त्याच कथेच्या अखेरीस आणखी एक नोंद आहे, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. काही महिन्यांनी नैनितालला दरबार भरला. त्यात ह्युएट यांनी तहसीलदारांना एक बंदूक आणि कॉर्बेट यांच्यासोबत रानात गेलेल्या माणसाला एक शिकारी सुरा दिला. दोन्हींवर मजकूर कोरलेला होता आणि ती हत्यारं त्या त्या घराण्यात वारशाने राहतील, असं कॉर्बेट लिहितात. स्वतःला मिळालेल्या रायफलीबद्दल मात्र तिथे अवाक्षर नाही. स्वभावच तसा.

तपासणाऱ्यासाठी ही नोंद दुधारी आहे. चंपावतच्या त्याच प्रसंगाची आणखी दोन कोरीव हत्यारं कुठेतरी असू शकतात. उद्या कोणी त्यांतलं एखादं आणून दाखवलं तर ते लगेच हसण्यावारी नेता येणार नाही. पण पुस्तक जगभर वाचलं गेलं आहे, आणि काय कोरायचं याचा आयता नमुना नकली माल करणाऱ्यालाही त्यातच मिळतो. प्रसिद्ध कथेशी तंतोतंत जुळणारा मजकूर दिसला की जाणकार खूश होत नाही, सावध होतो.

‘चकतीवर १९०७ आहे, म्हणजे रायफल १९०७ची’

मानाच्या बंदुकीला तीन तारखा असतात. ती घडली कधी, ज्या पराक्रमासाठी दिली तो झाला कधी आणि प्रत्यक्ष हाती पडली कधी. इथल्या मजकुरातलं १९०७ हे वाघीण मारल्याचं वर्ष आहे. बाकी दोन तारखा चकती सांगत नाही. साहेबलोक भेटीसाठी प्रत्येक वेळी नवी बंदूक घडवून घेत नसत. कलकत्त्याच्या मॅन्टन अँड कंपनीसारख्या विक्रेत्यांकडे विलायती माल तयार असे. त्यातली एखादी उचलायची आणि चकती इथे कोरून बसवायची, हा सोपा मार्ग होता. म्हणून बंदूक चकतीवरच्या सालाच्या दोन-चार वर्षं आधीची निघाली तर बिचकायचं कारण नाही. ती त्या सालानंतर कितीतरी वर्षांनी घडलेली निघाली, तर मात्र खुलासा मागायलाच हवा.

घडल्याचं साल सिरियल नंबरावरून काढतात. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, पर्डी अशा जुन्या लंडन कंपन्यांनी आपल्या नोंदवह्या जपल्या आहेत. बंदूक कोणत्या बोअरची, केव्हा तयार झाली, कोणाला विकली, हे त्यांत नंबराप्रमाणे लिहिलेलं असतं. मात्र नंबर एकाच ठिकाणी पाहून चालत नाही. नळी, अ‍ॅक्शन (काडतूस भरून उडवणारी यंत्रणा), बोल्ट अशा जिथे जिथे तो असेल तिथे तो जुळतो का, हे पाहावं लागतं. नळी एकीची आणि अ‍ॅक्शन दुसरीची अशी जोडाजोड शंभर वर्षांत कितीदा तरी होते, आणि ती फसवण्यासाठीच केलेली असते असंही नाही. गंजलेली नळी मालकाने बदलून घेतलेली असू शकते. वर्णनात तसं नोंदवलं की झालं.

‘नळीवर रिग्बी लिहिलंय, म्हणजे सगळी रिग्बीनेच केली’

रिग्बीच्या या बोल्ट रायफलींचा गाभा जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या मॉझर कारखान्याचा. रिग्बीने त्यावर नळी, दस्ता, माशी आणि सफाईदार जुळणी केली. नळीवरचं नाव बंदूक पुरी करून विकणाऱ्या घराचं असतं. पुष्कळदा तर ते निव्वळ विक्रेत्याचं असतं. जर्मन भाग सापडला म्हणून रिग्बी नकली ठरवणारे अर्धवट तज्ज्ञ भेटतात, त्यांच्यापासून जपून राहावं.

बोअरचंही तेच. .२७५ रिग्बी हे वेगळंच दुर्मीळ काडतूस आहे असा समज असतो. प्रत्यक्षात ते मॉझरचं ७×५७ मिलिमीटरचं काडतूस, इंग्रज गिऱ्हाइकाला कळेल अशा इंची मापात सांगितलेलं. सात मिलिमीटर म्हणजे ०.२७५ इंचाच्या किंचित वर. ५७ ही कवचाची लांबी.

‘नक्षी जितकी भारी, तितकी बंदूक अस्सल’

इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच बुडतात.

अब्राहम लिंकन यांना भेट दिलेली हेन्री रायफल वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. सिरियल नंबर ६. तिच्या चौकटीवर सोन्याचा मुलामा आणि कोरीव नक्षी आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, रायफल बनवणाऱ्या कंपनीला सरकारी मागणी हवी होती. राष्ट्राध्यक्षांच्या हाती आपला माल देखणा दिसावा, म्हणून नक्षी केली. ह्युएट यांची भेट दुसऱ्या जातीची. वरिष्ठ अधिकाऱ्याने रानात वापरणाऱ्या माणसाला वापरायचीच वस्तू दिली, म्हणून ती साधी आहे. देणारा कोण आणि देण्यामागचा हेतू काय, यावर नक्षी ठरते. अस्सलपणाचा तिच्याशी संबंध नाही. उलट साध्या जुन्या बंदुकीवर नंतर नक्षी आणि नाव कोरून किंमत फुगवणं, हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार आहे.

नंतर केलेलं काम ओळखायला चांगलं भिंग आणि तिरपा उजेड लागतो. हाताने छिन्नीने कोरलेली रेघ आत व्ही आकाराची असते, तिच्या कडा स्वच्छ कापलेल्या असतात. कारागिराचा हात जिथे वळला तिथे रेघ जाड-बारीक होते. तेजाबाने उठवलेल्या नक्षीचा तळ सपाट आणि खरखरीत दिसतो. लेसरने कोरलेल्या रेघेत वितळलेल्या धातूचे बारीक कण कडेला साचलेले सापडतात, आणि सगळ्या रेघा संशय यावा इतक्या सारख्या असतात.

मग झीज पाहायची. पन्नास वर्षं रानात वापरलेल्या बंदुकीवर हाताची पकड पडते तिथली, खांद्याला टेकते तिथली, पट्टा घासतो तिथली झीज दिसते. नक्षी त्या झिजेच्या खाली असायला हवी. बाकी पृष्ठभाग गुळगुळीत झालेला आणि अक्षरं मात्र धारदार असतील, तर अक्षरं नंतरची. चकतीच्या भोवतीचं लाकूडही बोलतं. जुन्या बैठकीच्या फटीत तेल, धूळ आणि मळ यांची काळी रेघ साचलेली असते. नवी खाच कापली की लाकडाचा रंग आत फिका दिसतो. तो काळवंडवण्यासाठी रंग लावला असेल तर तो रेषेबाहेरही गेलेला सापडतो.

चांदीच्या शिक्क्याबद्दल एक सूचना. इंग्लंडमध्ये चांदीवर हॉलमार्क असे आणि त्यातल्या अक्षरावरून साल काढता येई. म्हणून काही जण हॉलमार्क नसलेली चकती लगेच बाद करतात. हिंदुस्थानात घडवलेल्या चांदीला इंग्लंडचा तो नियम लागू नव्हता. इथल्या सराफाने केलेल्या चकतीवर फक्त त्याचाच छाप असेल किंवा काहीच नसेल. लहान चकत्यांवर तर जागाही नसते.

आणि पॉलिश. घरात पाहुणे येणार म्हणून ब्रासो लावून चकती चकचकीत करणाऱ्या माणसाने एका दुपारीत जो पुरावा पुसला, तो कोणी परत आणू शकत नाही.

‘पुस्तकात रायफलीचा उल्लेख आहे, मग तीच असणार’

चौगढची नरभक्षक वाघीण कॉर्बेट यांनी ११ एप्रिल १९३० रोजी मारली. डाव्या हातात पक्ष्याची अंडी, उजव्या हातात रायफल, वाघीण अगदी जवळ. हातातली रायफल हलकी होती म्हणूनच ती एका हाताने वळवता आली, असं ते स्वतः सांगतात. .२७५ रिग्बी हलकी असते, त्यामुळे वर्णन जुळतं. पण पुस्तकात सिरियल नंबर नाही. प्रामाणिक वर्णनकार इथे ‘वर्णनाशी सुसंगत’ एवढंच लिहील, ‘सिद्ध’ लिहिणार नाही. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये हा फरक नेमका गाळला जातो.

खरा आधार असतो तो बंदूक कोणाकडून कोणाकडे गेली याच्या अखंड नोंदींचा. कॉर्बेट १९४७ मध्ये हिंदुस्थान सोडून केनियाला गेले आणि १९५५ मध्ये न्येरीला वारले. त्यांच्यानंतर रायफल त्यांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली. याच संस्थेच्या मुंबई कचेरीने १९४४ मध्ये ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊँ’ पहिल्यांदा छापलं होतं. २०१५ मध्ये ती पुन्हा रिग्बी कंपनीकडे आली. मालक थोडे, सगळे ठाऊक, मधे पोकळी नाही. या रायफलीबद्दल वाद नाही तो चकतीमुळे नव्हे, या साखळीमुळे.

म्हणून पेटी, पावत्या, पत्रं, जुने फोटो फेकू नयेत. थिओडोर रूझवेल्ट यांना १९०९च्या आफ्रिका सफरीसाठी इंग्लंडमधल्या चाहत्यांनी हॉलंड अँड हॉलंडची दुनळी रायफल दिली, तेव्हा देणगीदारांच्या नावांची यादी पेटीबरोबर आली होती. पेटी हरवली असती तर निम्मा इतिहास गेला असता.

‘जुनी आहे, तिला परवाना कशाला?’

हा गैरसमज आपल्याकडे घरोघर आहे आणि तो तुरुंगापर्यंत नेऊ शकतो. १९५९च्या शस्त्र कायद्यातल्या कलम ४५ची सूट जुन्या पद्धतीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्यारांना आहे, पण ते हत्यार दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशाच स्थितीत असेल तर. शंभर वर्षांची मॉझर रायफल नीट ठेवलेली असेल तर सहसा आजही चालते, आणि ७×५७ची काडतुसं आजही बनतात. तिला परवाना लागतोच. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका बाळगता येतात, पूर्वी तीन चालत. आजोबांच्या नावचा परवाना आजोबांबरोबर संपतो. वारसाने स्वतःच्या नावावर करून घ्यायचा असतो. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू असेल, तर १९७२च्या पुराणवस्तू कायद्यानुसार ती परस्पर परदेशी पाठवता येत नाही.

संस्थानकाळातली किंवा इनामदारीतली एखादी कोरीव बंदूक तुमच्या घरात असेल, तर आधी परवाना पाहा. नसेल तर वकिलाच्या सल्ल्याने पोलीस ठाण्याशी किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाशी बोला. बंदूक रिकामी आहे असं कधीही गृहीत धरू नका, जाणकाराकडूनच उघडवून घ्या. मग तिरप्या उजेडात फोटो काढा, सगळे नंबर आणि छाप जसेच्या तसे उतरवा, चकतीवरचा मजकूर चुकांसकट लिहून घ्या आणि नंबर कंपनीला कळवा. फडकं, तेल आणि ब्रासो मात्र तिच्यापासून लांब ठेवा.