टेबलावरचा सेल्फ

किल्ली फिरवताच गाडीच्या इंजिनाला पहिला गरका देते ती स्टार्टर मोटर. गॅरेजात तिला नुसते 'सेल्फ' म्हणतात. जुना सेल्फ भंगारात मिळतो, आणि डी.सी. मोटर शिकवताना तो वर्गात फिरवून दाखवावा असे शिक्षकांच्या मनात येते. कल्पना चांगली आहे. बॅटरी अवघी १२ व्होल्टची, तिचा झटका बसत नाही. मग धोका कसला?

झटका बसत नाही, कारण कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो. सेल्फचा रोध मात्र ओहमच्या शंभरांशांत मोजावा लागतो. बॅटरी, केबल व मोटर मिळून ०.०२ ओहम धरले, तर ओहमच्या नियमाने प्रवाह येतो ६०० अँपिअर! मोटर सुरू होण्याच्या क्षणी खरोखरच शेकडो अँपिअर वाहतात. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये बोटातली अंगठी किंवा पाना सापडला तर तो पाहता पाहता तापून लाल होतो. म्हणून अंगठी व घड्याळ आधी काढावे, आणि केबल गाडीच्या बॅटरीला असते तेवढीच जाड घ्यावी.

या प्रवाहाने निर्माण होणारा पीळही मोठा. आर्मेचर एका दिशेने उसळते, तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे मोटरचे शरीर उलट दिशेने वळू पाहते. काही जण सेल्फ पायाखाली दाबून धरतात. ते शौर्य आपण करू नये. मोटर व्हाइसमध्ये पकडावी, पण बोल्टची भोके असलेल्या कडेने. आजच्या अनेक सेल्फमध्ये वेटोळ्याऐवजी कायमचुंबक असतात. ते ठिसूळ असल्याने शरीर आवळले किंवा ठोकले तर तडकतात.

आता खरी गमतीची गोष्ट. आर्मेचर फिरू लागले की त्यात उलट व्होल्टता निर्माण होते आणि प्रवाह घटतो. जुन्या धर्तीच्या सेल्फमध्ये चुंबकी क्षेत्राचे वेटोळे आर्मेचरशी एकसर जोडलेले असते. म्हणजे प्रवाह घटला की क्षेत्रही दुबळे होते, आणि तेवढीच उलट व्होल्टता देण्यासाठी आर्मेचरला आणखी वेगाने फिरावे लागते. त्याने प्रवाह आणखी घटतो. गाडीत इंजिनाचे ओझे या वेगाला आवर घालते. टेबलावर ओझे नाही. उरते ते बेअरिंगचे, ब्रशचे व हवेचे घर्षण. म्हणून चाचणी दोन-तीन सेकंदांचीच. पिनियनच्या समोर कोणी उभे राहू नये, सर्वांनी चष्मे लावावेत.

जोडणी अशी: बॅटरीचे ऋण टोक मोटरच्या शरीराला, धन टोक सॉलेनॉइडच्या जाड बोल्टला. जाड बोल्ट दोन असतात. ज्यातून पट्टी मोटरच्या आत जाते तो नव्हे, दुसरा. चुकलात तर मोटर ताबडतोब फिरेल, आणि पिनियन बाहेर येणार नाही. मग धन टोकापासून एक वायर, मध्ये दाब-बटण घालून, सॉलेनॉइडच्या लहान टोकाला. सॉलेनॉइडलाच सुरुवातीला वीस-तीस अँपिअर किंवा अधिक लागू शकतात, तेव्हा दारावरच्या घंटीचे बटण चालणार नाही. बॅटरी केबल पुरेल तितकी दूर ठेवावी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेतो. चिमटा सैल असेल तर ठिणगी नेमकी बॅटरीच्या तोंडाशीच पडते.

बटण दाबल्यावर पिनियन आधी बाहेर झेपावते, मग फिरते. प्रवाह डी.सी. मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरनेच पाहावा. साध्या मल्टिमीटरची १० अँपिअरची पट्टी इथे जळेल. गती मंद आणि प्रवाह जास्त असेल तर बुश झिजून आर्मेचर घासत असावे किंवा वेटोळे शॉर्ट असावे. गती मंद आणि प्रवाहही कमी असेल तर ब्रश झिजलेले किंवा कॉम्युटेटर मळलेला. नुसता 'टक्' आवाज आला तर आधी बॅटरी तपासा.

टेबलावर झकास फिरणारा सेल्फ गाडीत मात्र हटून बसू शकतो, कारण ओझ्याखालचा मोठा प्रवाह इथे वाहतच नाही. अशा वेळी सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबापासून मोटरच्या बोल्टपर्यंत व्होल्टमीटर लावून पाहावे. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, तर दोष बहुधा केबलच्या गंजलेल्या टोकात सापडतो.