पावशेर द्रव्य, धरणभर वास

जूनमधला पहिला पाऊस खडकवासल्याच्या चौपाटीवर आला, की भाजलेल्या कणसांच्या धुरावर मात करून मातीचा वास उठतो. त्यातला मोठा वाटा जिओस्मिन या रेणूचा. तो तयार करतात मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू. पाण्यात तो लिटरमागे अवघा पाच नॅनोग्रॅम असला, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या पाचपट, तरी अनेकांच्या नाकाला कळतो. आता हिशेब करून पाहा. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी, म्हणजे सुमारे ५,६०० कोटी लिटर. या सगळ्या पाण्याला जिओस्मिनचा वास यायला ते किती लागेल? सुमारे २८० ग्रॅम. पावशेरापेक्षा थोडंसंच जास्त!

परफ्यूमच्या बाटलीवरची ‘तीव्रता’ वाचताना हा हिशेब आठवावा. ‘ओ द कोलोन’मध्ये सुगंधी तेलं साधारण २ ते ४ टक्के, ‘ओ द तोआलेत’मध्ये ५ ते १५, ‘ओ द परफ्यूम’मध्ये १५ ते २० आणि नुसत्या ‘परफ्यूम’मध्ये २० ते ३० टक्के. उरलेलं बहुतेक अल्कोहोल आणि थोडं पाणी. हे आकडे व्यापारातल्या प्रथेचे आहेत आणि प्रत्येक कंपनी ते थोडे इकडेतिकडे करते. शिवाय ते सांगतात फक्त किती विरघळवलंय ते. काय विरघळवलंय आणि ते किती वेळ टिकेल, याचं उत्तर रेणूंकडे असतं.

लिंबू-संत्र्याच्या सालीतला लिमोनीन घ्या. त्यात दहा कार्बन अणू, रेणुभार १३६. चंदनाच्या सँटॅलॉलमध्ये पंधरा कार्बन, रेणुभार २२०. शिवाय त्याला एक हायड्रॉक्सिल गट चिकटलेला, त्यामुळे रेणू एकमेकांना आणखी घट्ट धरून बसतात. लिमोनीन कातडीवरून बघता बघता उडून जातो. सँटॅलॉल तासन् तास रेंगाळतो. म्हणून लिंबाचा परफ्यूम २० टक्क्यांचा असला तरी दुपारपर्यंत विरतो आणि लाकडी वासाचा ८ टक्क्यांचा संध्याकाळी शर्टाच्या बाहीवर सापडतो.

हे लाकडी, मातकट घराणं आपल्याला परकं नाही. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, वाळा, चंदन, कचोरा असतात. यातल्या नागरमोथ्याचं तेल ‘सिप्रिऑल’ या नावाने परदेशी परफ्यूममध्ये जातं. धुरकट लाकडाचा वास हवा असला की ते वापरतात. वाळ्याचा गंध तर मुळांतला, आणि त्यातही पंधरा कार्बनी रेणूंचीच गर्दी. अशा टर्पीन वर्गातल्या रेणूंची रचना उलगडण्यात डॉ. सुख देव यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फार मोलाचं काम केलं. पुणेकरांना त्याचा अभिमान हवा.

ओल्या रानाचा, शेवाळलेल्या खोडाचा भास देणाऱ्या परफ्यूमची कथा मला सगळ्यात विलोभनीय वाटते. कारण त्यांत शेवाळ नसतंच. तो वास ‘ओकमॉस’चा आणि ओकमॉस म्हणजे युरोपात ओकच्या झाडांवर वाढणारी दगडफुलाची बहीण. दोघी एकाच कुळातल्या. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून झालेल्या या जिवांना आपण एकत्रितपणे दगडफुलंच म्हणतो. १९१७ मध्ये फ्रान्स्वा कोती यांनी ‘शिप्र’ बाजारात आणला, वर बर्गमॉटचं लिंबूपण आणि तळाशी ओकमॉस. त्यावरून परफ्यूमचं एक सबंध घराणं ओळखलं जाऊ लागलं. आपलं दगडफूल मात्र तेलात परतून गोड्या मसाल्यात पडतं. कनौजच्या ‘शमामा’ अत्तरातही त्याला जागा आहे.

ओकमॉसमधल्या ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल या घटकांनी काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. म्हणून युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्यांच्यावर बंदीचा नियम केला. आता हे घटक काढून टाकलेला अर्क किंवा प्रयोगशाळेत बनवलेला एव्हर्निल वापरतात. जुन्या ‘शिप्र’चे चाहते हळहळतात, पण ज्याच्या मानेवर पुरळ उठतं त्याचा विचार आधी व्हायला हवा, असं माझं मत आहे.

दगडफुलं पाहायला युरोपात जायची गरज नाही. खडकवासल्याहून सिंहगडाकडे निघालात, की झाडांच्या खोडांवर आणि कातळावर करडे-हिरवट चट्टे दिसतील. तीच ही मंडळी. गंधकाच्या धुराने ती मरतात, म्हणून हवेच्या शुद्धतेची खूण म्हणूनही त्यांच्याकडे पाहतात. पश्चिम घाटातल्या दगडफुलांवर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि उर्मिला मखिजा यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला.

आणि दुकानात लाकडी वासाचा परफ्यूम निवडायचा असेल, तर पहिल्या मिनिटात पैसे काढू नका. तेव्हा नाकात शिरतं ते अल्कोहोल आणि हलके रेणू. मनगटावर एकच फवारा घ्या, चोळू नका, बाजारातली बाकीची कामं उरका. चार तासांनी मनगटावर जे उरेल, त्यावर ठरवा. अत्तराचं गणित वेगळं, त्यात उडून जायला अल्कोहोलच नसतं. तो वास दूर पसरत नाही, अंगाशी राहतो. तिथे काडीच्या टोकाएवढं पुरतं.